झोपताना डिस्कला कुणी सांगतच नव्हतं: सावईवेऱ्यातलं एक प्रकरण

"रात्री कॉम्प्युटर झोपवला की डिस्क टक् करते रे. एकदाच करते, पण छातीत लागतं."

२०२३ च्या जुलैत मास्तरांचा असा फोन आला. मास्तर गोव्यात फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याचे, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. तिसरी-चौथीत मी त्यांच्याच हाताखाली होतो. आता मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो आणि मास्तर गावातल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवतात. घुमट आरत्या, सप्ताहातली भजनं, जत्रेतल्या हौशी नाटकांची ध्वनिमुद्रणं. त्यातल्या कितीतरी गळ्यांची माणसं आज नाहीत. ९० मिनिटांची एक कॅसेट ते ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी उतरवतात, म्हणजे दर कॅसेटीला साधारण दीड जीबी. हे सगळं २ टीबीच्या एका छोट्या यूएसबी हार्ड डिस्कवर जमा होतं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आहे, पण ती महिन्यातून एकदाच अद्ययावत होते. एवढं सांगितलं की त्या एका टक्नं मास्तरांची झोप का उडाली ते कळेल.

फोनवरच मी एक सल्ला दिला आणि तो चुकला. डिस्क चालू असताना वीज वाचवण्यासाठी मधूनच हेड (तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग) बाजूला नेऊन ठेवते, ती सवय बंद करणारी, एचडीपार्म या लिनक्सवरच्या साधनाची आज्ञा मी त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: टक् तसाच. तो तसाच राहणार होता, कारण त्या सेटिंगचा संबंध डिस्क चालू असतानाच्या वागण्याशी आहे आणि मास्तर नेमकं सस्पेंडच्या, म्हणजे कॉम्प्युटर झोपवण्याच्या, क्षणाबद्दल सांगत होते. त्यांचं वाक्य मी नीट ऐकलंच नव्हतं.

तोवर एका दुकानात त्यांना "डिस्क जाणार, नवी घ्या" असं सांगून झालं होतं. मास्तरांचा स्वतःचा संशय ओलीवर होता. जूनमध्ये पश्चिमेची भिंत पाझरायला लागली म्हणून त्यांनी टेबल मधल्या खोलीत हलवलं, आणि आवाज त्यानंतरच सुरू झाला. आपल्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तेव्हा ओलीवर बोट ठेवणं साहजिक आहे. पण ओलीनं बिघडलेली डिस्क रोज ठरल्या वेळी, एकदाच, तेही फक्त कॉम्प्युटर झोपताना आवाज करत नाही. हे वेळापत्रकच सांगत होतं की दोष बहुधा डिस्कच्या बाहेर आहे.

तळहात आणि वही

रविवारी सकाळी गेलो. कुळागरातून पाणी वाहत होतं, घरात शिरताना पँट गुडघ्यापर्यंत भिजली. यंत्र साधं होतं: जोडून घेतलेला डेस्कटॉप, आत साटा जोडणीच्या एसएसडीवर लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा गाभा म्हणजे कर्नल ५.१५. यूएसबी डिस्क पुढच्या पोर्टला लावलेली.

कॅसेटी उतरवायचा ऑडासिटी प्रोग्रॅम बंद केला, डिस्कवर तळहात ठेवला आणि मास्तरांना म्हटलं, "झोपवा." पंखा थांबला, डिस्कवरचा निळा दिवा विझला आणि त्याच क्षणी हाताखाली ठोका बसला. त्यानंतर तबकडीची घरघर चारपाच सेकंद मंदावत जाऊन थांबली. आधी दिवा गेला, मग ठोका, मग फिरणं थांबलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तबकडी पूर्ण वेगात असतानाच डिस्कची वीज तोडली गेली होती.

डिस्कमध्ये त्या वेळी काय घडतं ते सांगायला हवं. हेड तबकडीला टेकत नाही, फिरण्यानं तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीनं तरंगतं. तबकडी थांबायच्या आत त्याला कडेच्या उतरणीवर नेऊन ठेवावंच लागतं. डिस्कला आगाऊ सांगितलं, तर ती आधी स्वतःच्या कॅशेतला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, मजकूर तबकडीवर उतरवते, हेड बेतानं उतरणीवर चढवते आणि मग मोटर थांबवते. एटीए या डिस्कच्या आज्ञांच्या भाषेत या सांगण्याला स्टँडबाय इमिजिएट म्हणतात. न सांगता वीज तोडली, तर डिस्कजवळ एकच साधन उरतं: अजून फिरत असलेली तबकडी. तिच्या गतीमुळे मोटर उलटी जनित्रासारखी वागते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड झटक्यानं मागे ओढलं जातं. वेगावर ताबा नसतो, आणि तोच टक्. हे रचनेतच धरलेलं आहे, त्यामुळे एकदोनदा झाल्यानं काही बिघडत नाही. पण ती आणीबाणीची सोय आहे. बेतानं हेड ठेवण्याच्या फेऱ्या उत्पादक ३ लाख, ६ लाख अशा धरतात, झटक्याच्या ओढीसाठी धरलेला आकडा त्याच्या फार खाली असतो. मास्तरांची डिस्क रोज रात्री ही आणीबाणी सोसत होती, दुपारी वामकुक्षीच्या वेळी पुन्हा.

हाताला जाणवलं त्यावर थांबायचं नव्हतं. डिस्क स्वतःचे काही मोजमाप-आकडे ठेवते, स्मार्ट नावानं. स्मार्टसीटीएल या साधनाला "मध्ये यूएसबी पूल आहे, त्यातून साटाची आज्ञा पाठव" असं सांगून ते वाचले; पूल म्हणजे डिस्कच्या डब्यातला यूएसबी-साटा दुभाषी. चार आकडे मास्तरांना वहीत लिहायला सांगितले: ४ म्हणजे तबकडी सुरू-बंद, १२ म्हणजे वीज मिळण्याच्या वेळा, १९२ म्हणजे वीज तुटल्यामुळे झटक्यानं हेड ओढलं गेलं त्या वेळा, आणि १९३ म्हणजे हेड ठेवण्याच्या एकूण फेऱ्या. एकदा सस्पेंड केलं, जागं केलं, पुन्हा वाचले. चारही आकडे एकेकानं वाढले होते. १९२ आधी ३८६ होता, आता ३८७.

इथे एक सांगून ठेवतो. १९२ चा नुसता आकडा पाहून घाबरू नये. सगळे उत्पादक तो एकाच पद्धतीनं मोजत नाहीत, काही जण साध्या बंद होण्यालाही त्यात धरतात. आधी वाचा, एकच कृती करा, मग पुन्हा वाचा. फरक तेवढा बोलतो. आणि डिस्क खरंच खराब होत असेल तर ते दुसऱ्या ठिकाणी दिसतं, जागा बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या आकड्यांत. ते इथे शून्य होते. नवी डिस्क घ्यायची गरज नव्हती.

पोर्ट बदललं होतं

टेबल हलवण्याचा धागा अजून सुटला नव्हता. "जुन्या खोलीत डिस्क कुठे लावत होता?" मास्तर म्हणाले, "मागे. आता मागची बाजू भिंतीला लागली, हात जात नाही." डिस्क मागच्या पोर्टला लावून पाहिली. सस्पेंड केलं: पंखा थांबला, पण निळा दिवा तसाच पेटलेला. टक् नाही. हाताखाली तबकडी सुखानं फिरत होती.

सस्पेंडमध्ये डेस्कटॉपचा मुख्य पुरवठा बंद होतो आणि एक छोटी राखीव ५ व्होल्टची वाट चालू राहते. रॅम त्यावरच जिवंत असते. कुठलं यूएसबी पोर्ट मुख्य वाटेवर आणि कुठलं राखीव वाटेवर, हे बोर्ड बनवणारा ठरवतो. या बोर्डावर मागची पोर्टं राखीव वाटेवर होती आणि पुढची मुख्य वाटेवर. ओल निर्दोष होती. ओलीमुळे टेबल हललं, टेबलामुळे पोर्ट बदललं, एवढाच तिचा हात.

"मग मागेच लावूया, झालं," मास्तर म्हणाले. मला ते पटलं नाही. मागच्या पोर्टला डिस्क रात्रभर उगाच फिरत राहते. शिवाय पावसात रात्री लाईट जाणार, यूपीएसची बॅटरी तासाभरात उतरणार, आणि तेव्हा तोच झटका बसणार, फक्त ऐकायला कुणी जागं नसणार. आवाज घालवणं आणि कारण घालवणं यांतला हा फरक त्यांना एका वाक्यात कळला. ते म्हणाले, "म्हणजे डिस्क काढताना आपण 'सुरक्षितपणे काढा' दाबून तिला सांगतो, पण झोपताना तिला कुणी सांगतच नाही." सगळं प्रकरण याच वाक्यात होतं.

लॉगमधली न दिसलेली ओळ

कर्नलचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडून सस्पेंडच्या वेळच्या ओळी वाचल्या. आतल्या एसएसडीसाठी दोन ओळी होत्या: कॅशे उतरवतोय, आणि त्यापाठोपाठ "स्टॉपिंग डिस्क". बाहेरच्या यूएसबी डिस्कसाठी "स्टॉपिंग डिस्क" कुठेच नाही.

हे कर्नलनं जाणूनबुजून ठरवलेलं वागणं आहे. लिनक्समध्ये प्रत्येक स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक आज्ञापद्धती) डिस्कला मॅनेज-स्टार्ट-स्टॉप नावाची एक खूण असते. कर्नल २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून ती आहे. खूण १ असेल तर झोपताना आणि बंद होताना कर्नल डिस्कला थांबण्याची आज्ञा देतो आणि ती पुरी होईपर्यंत वाट पाहतो. साटा डिस्कसाठी कर्नलचं साटाचं अंग ही खूण स्वतः लावतं आणि त्या आज्ञेचं स्टँडबाय इमिजिएटमध्ये भाषांतर करतं. यूएसबीवरून आलेली डिस्कही कर्नलला स्कझीच दिसते, पण तिथे खूण मुळात ० असते. स्कझीच्या जगात एकच डिस्क दोन यंत्रं वापरत असू शकतात, एकानं झोपताना ती थांबवली तर दुसऱ्याचं काम अडेल. म्हणून न विचारता थांबवायचं नाही, असा सावध पवित्रा. मास्तरांच्या टेबलावर दुसरं यंत्र नव्हतं, सावधपणाचा फायदा कुणालाच नव्हता आणि तोटा रोज होत होता.

आधी केलेला उपाय, जो अर्धाच चालला

माझा हात आधी ओळखीच्या वाटेनं गेला. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा, सस्पेंडच्या आधी आणि नंतर एका ठरावीक फोल्डरातल्या स्क्रिप्टा चालवते. तिथे तीन ओळींची स्क्रिप्ट ठेवली: झोपण्याआधी एचडीपार्मनं डिस्कला स्टँडबायला पाठव. पहिल्यांदा छान चाललं. आधी घरघर थांबली, मग दिवा गेला. मास्तर खूश.

मग ऑडासिटीत अर्धवट उतरवलेली कॅसेट उघडी ठेवून तेच केलं. डिस्क थांबली, लगेच पुन्हा फिरू लागली, आणि वेग घेऊन होताच टक्. १९२ पुन्हा एकानं पुढे.

कारण क्रमात होतं. स्क्रिप्ट संपल्यावर कर्नल सस्पेंडला लागतो आणि त्याचं एक पहिलं काम म्हणजे रॅममध्ये साठलेलं, अजून डिस्कवर न गेलेलं सगळं लिहून टाकणं. लिहायचं काही उरलं असेल तर नुकतीच झोपवलेली डिस्क त्यासाठी जागी होते. मग वीज जाते. थोडक्यात, आवराआवर व्हायच्या आधीच आम्ही दिवा मालवत होतो. काही लिहायचं नसेल तर ही स्क्रिप्ट चालते, म्हणूनच ती घातक आहे. चाचणीच्या दिवशी पास होते आणि खऱ्या कामाच्या दिवशी नापास. मी ती तिथल्या तिथे काढून टाकली.

जागच्या जागी उपाय

आज्ञा कर्नलनंच द्यायला हवी होती, सगळे प्रोग्रॅम गोठवून, सगळं लिहून झाल्यावर, यूएसबीचा पुरवठा जायच्या आधी. ते नेमकं त्या खुणेचंच काम. पण खूण लावण्याआधी एक खात्री हवी होती. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये डब्यातला यूएसबी-साटा पूल बसलेला असतो. कर्नलची "थांब" ही स्कझी आज्ञा तो डिस्कला कळेल अशी पुढे देतो का? सगळे पूल देत नाहीत. काही जण "हो" म्हणून गप्प बसतात, काही अडकून पडतात. म्हणून ऑडासिटी बंद करून, डिस्क अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून), एसजी३-यूटिल्समधल्या एसजी-स्टार्ट या साधनानं हातानंच थांबण्याची आज्ञा पाठवली. तळहात डिस्कवर. एक हलकासा, पानावर पान पडावं तसा आवाज, मग घरघर उतरत गेली, दिवा मात्र पेटलेलाच. पूल प्रामाणिक होता. पुन्हा माउंट करून फाइल उघडताच डिस्क जागीही झाली.

मग यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं सांभाळणारा लिनक्सचा भाग) एका ओळीचा नियम लिहिला. ही ठरावीक डिस्क जोडली गेली की तिच्या मॅनेज-स्टार्ट-स्टॉपमध्ये १ लिही. नियम सगळ्या यूएसबी डिस्कना सरसकट लावायची सूचना पुष्कळ जण करतात. मी डिस्कच्या अनुक्रमांकाला बांधून घातला, कारण ज्या पुलाची परीक्षा घेतलेली नाही त्याच्यावर हा भार टाकणं मला योग्य वाटत नाही.

पुढच्या पोर्टला डिस्क, ऑडासिटी उघडं, कॅसेट अर्धवट. मास्तरांनी या वेळी स्वतःचा हात ठेवला. सस्पेंडला आधीपेक्षा दोनेक सेकंद जास्त लागले. घरघर थांबली, पंखा थांबला, आणि सगळ्यात शेवटी निळा दिवा विझला. जागं केल्यावर आकडे वाचले: ४, १२ आणि १९३ एकेकानं वाढले, १९२ जागच्या जागी. लॉगमध्ये यूएसबी डिस्कच्या नावासमोर "स्टॉपिंग डिस्क". दहा वेळा केलं, कारण स्क्रिप्टनं एकदा फसवलं होतं. दर वेळी मास्तर वहीत चार आकडे लिहीत होते, शाळेत हजेरी मांडायचे त्याच अक्षरात. मग पूर्ण शटडाउन करूनही पाहिलं, तीच खूण तिथेही लागू होते. त्या आधी कधी शटडाउन केलं तर तेव्हाही झटका बसत असणार, पण तेव्हा मास्तर उठून गेलेले असत.

रात्रीसाठी मी वेगळं सुचवलं. पावसाळ्यात रात्रभर सस्पेंड ठेवू नये, यूपीएस उतरली की रॅममधलं काम जातं. दुपारी सस्पेंड, रात्री शटडाउन. ते त्यांनी मान्य केलं.

वर्षानं पुन्हा टक्

२०२४ च्या दिवाळीनंतर मास्तरांच्या पुतण्यानं यंत्र मिंट २२ वर नेलं, कर्नल ६.८ आला. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन: "टक् परत आला." या वेळी मी फोनवर सल्ला दिला नाही, वहीतले आकडे विचारले. १९२ दोन दिवसांत तीननं वाढला होता.

नियमाची फाइल जशीच्या तशी होती, यूडेव्ह ती वाचतही होतं, तरी खूण लागत नव्हती. कर्नलमध्ये मधल्या काळात त्या एका खुणेच्या तीन खुणा झाल्या. एक सगळी यंत्रणा झोपताना वा बंद होताना लागू पडणारी, एक डिस्क चालू कॉम्प्युटरमध्ये रिकामी असताना झोपवण्यासाठी, आणि एक फक्त पूर्ण शटडाउनसाठी. जुन्या नावाची फाइल राहिली, पण ती आता केवळ वाचण्यापुरती. तिच्यात १ लिहायला गेलं की लिहिणं नाकारलं जातं आणि लॉग उघडून पाहणाऱ्यालाच ते कळतं. मास्तर लॉग पाहत नाहीत, त्यांना कानांनी सांगितलं.

नियमात नाव बदलून मॅनेज-सिस्टिम-स्टार्ट-स्टॉप केलं. शटडाउनची वेगळी खूण लावली नाही, कारण पहिलीच तेही सांभाळते. रीस्टार्टला डिस्क थांबवली जात नाही आणि ते बरोबरच आहे, तिथे वीज तुटतच नाही. पुन्हा दहा फेऱ्या, पुन्हा तीच वही, १९२ हलला नाही.

निघताना मास्तरांनी मला परत बसवलं. नियमाच्या फाइलीत हॅशनं (#) सुरू होणारी ओळ यूडेव्ह नियम म्हणून वाचत नाही, माणसासाठीच असते, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी नियमाच्या वर मराठीत टाइप केलं: "ही ओळ डिस्क झोपवण्यासाठी. कर्नल बदलल्यास खुणेचे नाव तपासावे, लॉगमध्ये स्टॉपिंग डिस्क दिसते का पाहावे, १९२ वहीत लिहावा." ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून मगच त्यांनी फाइल साठवली.